विम्याचा हप्ता आणि सरकारचा वांटा

गेल्या हिवाळ्यांत श्रीवर्धनकडून परततांना आम्ही दिघीच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहत बसलों होतों. समोर राजपुरीची खाडी, पलीकडे आगरदांडा, आणि खाडीच्या मुखाशीं पाण्यांतून वर आलेला जंजिरा. ज्यांच्या घरीं आम्ही दोन दिवस पाहुणचार घेतला ते गुरुजी निरोप देण्यास धक्क्यापर्यंत आले होते. सारें आयुष्य प्राथमिक शाळेंत शिकविण्यांत घालवून आतां ते निवृत्तिवेतनावर राहतात. थोडी सुपारीची बाग आहे. ३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळांत आडवी होतां होतां उरली तेवढी. मुलगा पुण्यास, मुलगी त्याहूनहि दूर. बोट दिसूं लागली तेव्हां त्यांनीं पिशवींतून दोन कागद काढले आणि म्हणाले, "सर, तुम्ही इतिहास शिकवितां. ह्या दोन पावत्यांचा इतिहास काय तो सांगा पाहूं."

दोन्ही पावत्या नवराबायकोच्या आरोग्यविम्याच्या होत्या. पहिलींत हप्ता ४०,००० रुपये, त्यावर शेंकडा १८ प्रमाणें कर ७,२००, एकूण ४७,२००. दुसरी त्यानंतरच्या वर्षाची : हप्ता ४६,५०० आणि कराच्या रकान्यांत शून्य. "कर उठला म्हणून वर्तमानपत्रांत वाचलें," गुरुजी म्हणाले, "आणि ह्या घरांत सात हजारांची बचत होईल असा हिशेब मांडला. बचत झाली ती सातशें रुपयांची. बाकीचे कोठें गेले?"

बोट लागली, गाड्या चढूं लागल्या, आणि आम्ही दिलेलें उत्तर फार तोकडें ठरलें. घरीं आल्यावर जुनीं-नवीं पुस्तकें काढून बसलों. विम्याच्या कंपन्या सरकारास स्वतः काय देतात, आणि आमच्याकडून सरकारासाठीं काय गोळा करतात, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत हें प्रथम ध्यानांत आलें. दोहोंच्या मुळाशीं मात्र एकच वाद आहे : मरणाच्या किंवा दुखण्याच्या भयानें माणूस जो पैसा बाजूला काढतो तो खर्च समजावयाचा, नफा समजावयाचा, कीं दुसऱ्यासाठीं राखून ठेवलेली ठेव समजावयाची? आमच्या राज्यकर्त्यांनीं गेल्या दीडशें वर्षांत ह्या तिन्ही समजुती आळीपाळीनें, आणि कांहीं वेळां एकाच वेळीं, बाळगल्या आहेत.

'विमा' हा शब्दच मुळीं फारसी 'बीम' ह्या शब्दावरून आला, आणि बीम म्हणजे भय. तें भय मोल घेऊन दुसऱ्यानें आपल्या डोक्यावर घ्यावें हा विम्याचा अर्थ. आपल्याकडील सराफ व सावकार मालाचा व ऐवजाचा विमा उतरीत, तो माणसाच्या आयुष्याचा नव्हे, तर वाटेंतल्या जोखमीचा. दिघीच्या धक्क्यावरून जें पाणी दिसतें त्यावर ह्या भयाची पैदास मुबलक होती. पोर्तुगीजांचें कार्ताझ घेतल्यावांचून गलबत हांकारणें धोक्याचें; पुढें आंग्रे दस्तकें देऊं लागले; आणि सिद्दी तर मोंगलांचें आरमार संभाळणारा म्हणून येथेंच ठाण मांडून बसलेला. व्यापाऱ्यास दोन रकमा मोजाव्या लागत : एक विमा उतरणाऱ्यास, दुसरी दर्यावर हुकमत सांगणाऱ्यास. दोन्ही एकाच भयापोटीं दिल्या जात. पण पहिलीच्या बदल्यांत माल बुडाल्यास भरपाई मिळे, दुसरीच्या बदल्यांत लुटलें न जाण्याची आशा तेवढी मिळे. विम्याचा हप्ता आणि कर ह्यांतील भेद याहून स्पष्ट करून सांगणें आम्हांस तरी साधणार नाहीं.

आयुष्याचा विमा हा इंग्रजांबरोबर आला, आणि प्राप्तीवरील करहि त्यांच्याबरोबरच आला. १८५७ च्या उठावानें हिंदुस्थान सरकारची तिजोरी रिकामी केली. ती भरण्याकरितां विलायतेहून आलेल्या जेम्स विल्सननें १८६० सालीं प्राप्तीवरील कर बसविला आणि त्याच वर्षीं कलकत्त्यास त्याचा अंत झाला. तो कर कधीं उठे, कधीं दुसऱ्या नांवानें परत येई. कायमचा झाला तो १८८६ च्या कायद्यानें. ह्या कायद्यांत एक सवलत होती : उत्पन्नाच्या सहाव्या हिश्शापर्यंत जी रक्कम माणूस आयुष्याच्या विम्यासाठीं भरील तीवर कर नाहीं. ही कल्पना ग्लॅडस्टन ह्यानें १८५३ सालीं विलायतेंत रूढ केलेली; सहाव्या हिश्शाचें मापहि तेथलेंच.

सवलतीची किंमत काय होती तें एका कारकुनाच्या हिशेबानें पाहूं. महिना शंभर रुपये पगार, म्हणजे वर्षाचे बाराशें. दोन हजारांच्या आंतील पगारास रुपयामागें चार पै कर, म्हणजे वर्षाचे पंचवीस रुपये. त्यानें दोनशें रुपयांचा विमाहप्ता भरला, तर कर वांचला चार रुपये दोन आणे आठ पै. आजच्या वाचकास ही रक्कम क्षुल्लक वाटेल. पण तिच्यामागील विचार क्षुल्लक नव्हता. ज्या घरांत कमावता पुरुष एकच, आणि तो गेल्यावर विधवा व मुलें दिराच्या किंवा भावाच्या दाराशीं उभीं, त्या घरांतील हा पैसा त्या पुरुषाच्या चैनीचा नाहीं, तो त्याचा असून त्याचा नाहीं, हें सरकारनें कबूल केलें होतें.

हीच गोष्ट दुसऱ्या एका कायद्यानें अधिक स्पष्ट केली. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयींचा १८७४ चा कायदा असें म्हणतो कीं, नवऱ्यानें बायकोच्या व मुलांच्या हितासाठीं उतरलेल्या विम्याची रक्कम ही त्यांच्यासाठीं ठेवलेला विश्वस्त निधि आहे. नवऱ्याच्या सावकारांचा तीवर हक्क नाहीं. दुर्दैव असें कीं, हिंदू व मुसलमान कुटुंबांस हें कलम लागूं आहे असें निर्विवादपणें ठरावयास १९२३ ची दुरुस्ती यावी लागली. मधल्या पन्नास वर्षांत किती विधवांचा ऐवज सावकारांनीं नेला असेल, कोण जाणे.

येथें दिघीची एक मौज सांगितली पाहिजे. हें गांव त्या काळीं इंग्रजी मुलखांत नव्हतेंच. मुरूड, म्हसळें, श्रीवर्धन हा सारा प्रदेश जंजिरा संस्थानचा; शेजारचे रोहें आणि माणगांव हे तालुके मात्र इंग्रजांच्या कुलाबा जिल्ह्यांतले. प्राप्तीवरील कराचा कायदा इंग्रजी मुलखापुरता असल्यामुळें तो संस्थानच्या हद्दीवर येऊन थांबे. पण पोट त्या हद्दीवर थांबत नसे. नोकरीसाठीं मुंबईस गेलेला दिघीकर तेथें पगार मिळवी, कर तेथें कापून जाई, विम्याच्या सवलतीचा लाभहि तेथेंच. आणि तो ज्यांच्यासाठीं हप्ता भरी तीं माणसें नबाबाच्या राज्यांत. १९४८ सालीं संस्थान मुंबई इलाख्यांत विलीन झालें तेव्हां ही मौज संपली.

आतां कंपन्यांकडे वळूं. विलायती कंपन्या हिंदी माणसाचा विमा घेत नसत, आणि घेतलाच तर अधिक हप्ता मागत. १८७० सालीं मुंबईंत निघालेल्या 'बॉम्बे म्युच्युअल' संस्थेनें हिंदी माणसांचे विमे साध्या दरानें उतरण्यास आरंभ केला. १८७४ सालीं 'ओरिएंटल' आली. स्वदेशीच्या चळवळीनंतर तर अशा कंपन्यांचें पीकच आलें. त्यांपैकीं महाराष्ट्रास आपलीशी वाटलेली एक म्हणजे अण्णासाहेब चिरमुले ह्यांनीं १९१३ सालीं साताऱ्यास स्थापन केलेली 'वेस्टर्न इंडिया'. मुंबई-कलकत्त्याबाहेर, एका जिल्ह्याच्या गांवीं विम्याची कंपनी उभी राहूं शकते हें तिनें दाखवून दिलें.

पण अशा कंपनीचा नफा कोणता? किराणा दुकानदार दिवाळीस वह्या बंद करतो आणि शिल्लक मोजतो. विमा कंपनीच्या पेटींत आज जो पैसा दिसतो तो उद्यां, दहा वर्षांनीं, तीस वर्षांनीं कोणाच्या तरी मृत्यूच्या दिवशीं द्यावयाचा असतो. म्हणून गणितज्ञ बसवून, देण्याचा अंदाज घेऊन, कांहीं वर्षांनीं एकदां शिल्लक काढावी लागते. हिशेबांत मृत्यु अंदाजापेक्षां कमी निघाले, व्याज अधिक मिळालें, तर कांहीं उरतें. तें उरलेलें कोणाचें? ज्यांनीं अंमळ अधिक हप्ता भरला त्या विमेदारांचें, असें साधा माणूस म्हणेल.

विलायतेच्या सर्वोच्च न्यायसभेनें चार वर्षांच्या अंतरानें दोन निकाल दिले, आणि ते दोन्ही कायद्याच्या विद्यार्थ्यांस पाठ असतात. १८८५ सालीं 'लंडन अ‍ॅश्युरन्स'च्या खटल्यांत ठरलें कीं, भागधारकांच्या कंपनीनें विमेदारांस वांटलेला बोनस हा कंपनीचा नफाच आहे, त्यावर कर द्यावा. १८८९ सालीं 'न्यूयॉर्क लाइफ'च्या खटल्यांत ठरलें कीं, जेथें भागधारकच नाहींत, विमेदार हेच सभासद आणि तेच मालक आहेत, तेथें उरलेला पैसा हा त्यांचाच त्यांस परत जातो. माणूस स्वतःशीं व्यापार करून नफा मिळवूं शकत नाहीं. पहिला निकाल कंपनीच्या अंगरख्याकडे पाहतो, दुसरा अंगरख्याच्या आंतील माणसाकडे. आम्हांस दुसरा पटतो, हें सांगावयास नकोच.

आपल्याकडे १९२२ च्या कायद्याखालीं गणितज्ञांनीं काढलेल्या शिल्लकेवरून नफा ठरविला जाई. १९३९ च्या दुरुस्तीनें ह्या विषयास स्वतंत्र परिशिष्ट जोडलें, आणि तें तयार करणाऱ्यांची चतुराई दाद देण्यासारखी आहे. दोन मार्गांनीं हिशेब करावयाचा : एक, हप्ते सोडून व्याज, लाभांश इत्यादि जें बाहेरचें उत्पन्न येईल त्यांतून कारभाराचा खर्च वजा करून, दुसरा, मूल्यमापनांत निघालेल्या शिल्लकेच्या वार्षिक सरासरीवरून. ह्या दोहोंत जो आंकडा मोठा निघेल त्यावर कर! शिवाय सभासदांच्या परस्पर संस्थांची शिल्लकहि उत्पन्नच समजावी असें त्याच वेळीं कायद्यांत घालून १८८९ च्या निकालाचा आधार येथल्या संस्थांपुरता काढून घेतला. दुसरीकडे १९३८ च्या विमा कायद्यानें कंपन्यांस आपल्या निधीचे शेंकडा ५५ सरकारी व मान्य कर्जरोख्यांत गुंतविण्याची सक्ती केलीच होती. म्हणजे सरकार एका हातानें विमेदारांचा पैसा कर्जाऊ घेई, त्यावर व्याज देई, आणि दुसऱ्या हातानें त्या व्याजांतून कर कापी. हा कर कोणत्याहि पावतीवर छापलेला नसे. विमेदारास तो दिसे तो बोनस कमी आल्यावर, आणि तेव्हांहि तो त्याचें खापर कंपनीवर फोडी.

ह्यापुढचा मोठा फरक ज्यांच्या हातून घडला ते गृहस्थ ह्याच जिल्ह्याचे. चिंतामणराव देशमुखांचा जन्म १८९६ सालीं रायगडाच्या पायथ्याजवळील नाते गांवीं झाला, घराणें रोह्याचें. १९ जानेवारी १९५६ रोजीं अर्थमंत्री म्हणून त्यांनीं आकाशवाणीवरून जाहीर केलें कीं, त्या दिवसापासून आयुर्विम्याचा सारा धंदा सरकारच्या ताब्यांत आला आहे. गुप्तता इतकी कीं, कंपन्यांच्या चालकांसहि ती बातमी इतर श्रोत्यांबरोबरच कळली. देशी, विलायती आणि लहानसहान निर्वाहनिधि संस्था मिळून २४५ विमासंस्थांचें एक महामंडळ झालें. साताऱ्याची कंपनीहि त्यांत गेली. मात्र १ सप्टेंबर १९५६ रोजीं महामंडळ प्रत्यक्ष सुरू झालें तेव्हां देशमुख मंत्री नव्हते. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनीं जुलैंतच राजीनामा दिला होता. मराठी माणसास त्यांचा तो राजीनामा आठवतो, विम्याचें राष्ट्रीयीकरण फारसें आठवत नाहीं.

महामंडळाच्या कायद्यांत शिल्लकेची वांटणी घालून दिली होती : निदान शेंकडा ९५ विमेदारांस, उरलेले सरकारास. पुढें ह्या वांटणींत बदल झाले, आणि २०२२ सालीं महामंडळाचे भाग बाजारांतहि आले. परंतु आरंभीं सरकारानें मालक म्हणून आपला वांटा विसांत एक इतकाच धरला होता हें विसरूं नये; कारण तेंच सरकार कर घेणारें म्हणून समोर आलें तेव्हां त्याचा हात इतका आंखडता नव्हता. ही विसंगति बहुधा कोणाच्या तरी लक्षांत आली असावी. १९७६ सालीं दुहेरी हिशेबाचें तें जुनें यंत्र मोडून केवळ मूल्यमापनाची शिल्लक हा आधार धरला गेला आणि आयुर्विम्याच्या नफ्यावर शेंकडा साडेबारा हा दर ठरला. इतर कंपन्या तेव्हां निम्म्याहून अधिक नफा करांत देत होत्या. त्या साडेबारा टक्क्यांत १८५३ च्या विचाराचा धागा आम्हांस दिसतो.

आरोग्याच्या विम्यास मात्र हा मान कधींच मिळाला नाहीं. तो जन्मला सर्वसाधारण विम्याच्या घरांत, जेथें मोटारी, गोदामें आणि जहाजें ह्यांचे विमे उतरतात. त्या कंपन्यांचें राष्ट्रीयीकरण १९७३ च्या आरंभीं झालें. १९८६ सालीं त्यांनीं 'मेडिक्लेम' नांवाची पॉलिसी काढली. त्याच वर्षाच्या अर्थसंकल्पानें तिच्या हप्त्यास प्राप्तिकरांत वजावट दिली. पण कंपनीच्या नफ्यावरील दर इतर कंपन्यांप्रमाणेंच राहिला. आयुष्याच्या विम्यांतील शिल्लक ही ठेव, आणि दुखण्याच्या विम्यांतील शिल्लक हा व्यापार! माणूस मेला तर त्याच्या घराची काळजी कायद्यास अधिक, आजारी पडला तर कमी, असा ह्याचा अर्थ होतो. दीर्घ मुदतीचा करार आणि एका वर्षाचा करार ह्यांतील फरक आम्ही जाणतों. तरी गुरुजींसारखा माणूस वीस-वीस वर्षें न चुकतां तीच पॉलिसी चालू ठेवतो, तेव्हां तिला एका वर्षाचा सौदा म्हणणें कागदापुरतेंच खरें असतें.

१९९४ पर्यंत विमा कंपनी ही मुख्यतः कर भरणारी होती. मुद्रांक तेवढा अपवाद. हजार रुपयांच्या विम्यामागें वीस पैसे ह्या दरानें पांच लाखांच्या पॉलिसीस शंभर रुपये. दर ठरवावयाचा केंद्रानें, पैसा जावयाचा राज्याच्या तिजोरींत. १ जुलै १९९४ पासून मात्र कंपनीच्या अंगावर दुसरा पोशाख चढला. त्या दिवशीं सेवाकर सुरू झाला, आणि त्यासाठीं निवडलेल्या पहिल्या तीन सेवा कोणत्या? टेलिफोन, शेअरदलाली आणि सर्वसाधारण विमा. दर शेंकडा ५. आरोग्यविमा सर्वसाधारण विम्याच्या घरांत राहत असल्यामुळें तोहि सांपडला. २००२ सालीं आयुर्विम्याच्या हप्त्यांतील जोखमीचा भाग ओढला गेला. दर चढत चढत १५ वर गेला, आणि १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवाकर आल्यावर १८ झाला. बचतीच्या आयुर्विम्यास त्यांतल्या त्यांत दिलासा होता : हप्त्याचा कांहीं भागच करपात्र धरून पहिल्या वर्षीं साडेचार आणि पुढें सव्वादोन टक्के. पण जो निव्वळ मृत्यूच्या जोखमीचा विमा घेई, ज्यांत परत कांहीं मिळावयाचें नसतें, त्यास पुरे अठरा. म्हणजे केवळ मागें राहणाऱ्यांसाठीं पैसा देणाऱ्यावर कराचा दर सर्वांत जड, हा १८५३ च्या तत्त्वाचा नेमका उलटा डाव झाला. विमा ही आतां ठेव उरली नाहीं; टेलिफोनसारखी वापरावयाची एक सेवा झाली.

सरकारचेंहि म्हणणें ऐकलें पाहिजे. करांतील फटी जितक्या कमी तितका तो सरळ, आणि राज्यांस रस्ते व इस्पितळें बांधण्यास पैसा लागतो. २०२३-२४ ह्या एका वर्षांत केवळ आरोग्यविम्याच्या हप्त्यांवरील करानें आठ हजार कोटींहून अधिक रुपये आणले. तें सोडणें सोपें नव्हतें. जुलै २०२४ मध्यें नितीन गडकरी ह्यांनीं नागपुरांतील विमा कर्मचाऱ्यांच्या निवेदनावरून अर्थमंत्र्यांस पत्र लिहून हा कर उठविण्याची विनंति केली. मंत्र्यानें मंत्र्यास असें जाहीर पत्र लिहावें ही गोष्ट विरळा. वर्षभर समित्यांवर समित्या झाल्या. ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकींत परिषदेनें निर्णय घेतला, आणि घटस्थापनेच्या दिवशीं, २२ सप्टेंबरास, व्यक्तीनें व कुटुंबानें घेतलेल्या आयुर्विम्यावरील व आरोग्यविम्यावरील कर शून्य झाला.

शून्याचेहि मात्र दोन प्रकार आहेत, आणि गुरुजींच्या प्रश्नाचें उत्तर येथें दडलें आहे. कंपनी स्वतः दलालीवर, कचेरीच्या भाड्यावर, संगणकाच्या कामावर हाच कर भरीत असते. पूर्वी ती आमच्याकडून गोळा केलेल्या करांतून तो वळता करून घेई. आतां गोळा करावयाचें कांहींच नाहीं, म्हणून वळता करण्याचा हक्कहि गेला. तो भरलेला कर कंपनीचा खर्च झाला. निर्यातीच्या मालास मिळतें तसें पुरें शून्य हें नव्हे. हा खर्च कंपनी सोसेल, दलालाच्या माथीं मारील, कीं हप्त्यांत घालील, हें ती आणि बाजार ठरविणार. शिवाय ही माफी व्यक्तीच्या विम्यापुरती आहे. एखाद्या संस्थेनें आपल्या सभासदांसाठीं एकत्र उतरलेल्या सामुदायिक विम्यावर, आधींपासून वगळलेल्या सरकारी योजना सोडल्यास, अठरा टक्के कायम ठेवले गेले. ज्यांस एकट्यानें विमा परवडत नाहीं तेच बहुधा एकत्र येऊन घेतात, ह्याचा विचार परिषदेनें पुढें केव्हां तरी केला पाहिजे.

आम्ही गुरुजींस पत्र लिहून हें सारें कळविलें. त्यांच्या हप्त्यांत जे साडेसहा हजार वाढले त्यांस तीन कारणें असूं शकतात : त्यांचें वय वरच्या गटांत गेलें, इस्पितळांचे दर चढले, आणि कंपनीचा न वळणारा कर. प्रत्येकाचा वांटा किती, तें पावतीवरून निघत नाहीं. पूर्वीच्या पावतीवर सरकारचा वांटा निदान वेगळ्या ओळींत छापलेला होता.

त्यांचें उत्तर आठ दिवसांनीं आलें. कंपनीस विचारणा केली आहे, असें त्यांनीं लिहिलें होतें. आणि खालीं, शाळेंतील उत्तरपत्रिका तपासल्यासारखें, आमच्या पत्रांतील एका बेरजेची चूक तांबड्या शाईनें दुरुस्त करून पाठविली होती.